नवीन सूक्ष्मशैवालाचा स्ट्रेन (वाण) वेगळा कसा काढायचा आणि तो कामाचा आहे हे कशावरून ठरवायचं?

हिरवी_पेशी:
नमस्कार मंडळी, खाऱ्या पाण्याच्या डबक्यांतून नमुने आणून त्यात काही नवीन शैवाल मिळतंय का ते बघतेय. ओमेगा-३ किंवा रंगद्रव्य देणारं आणि खाण्यात वापरता येईल असं काही हवंय. नमुना बीजी-११ मिडियममधे (शैवाल वाढवायच्या पोषक द्रावणात) टाकला की काही दिवसांत सगळं हिरवंगार होतं पण मायक्रोस्कोपखाली बघावं तर नुसत्या बारीक गोल पेशी, आधी जे नारिंगी, पळणारे जीव दिसत होते ते गायब! प्लेटवरचे बॅक्टेरियाही हटत नाहीयेत. आणि समजा स्ट्रेन वेगळा निघालाच तर तो चांगला की नाही हे तेलाच्या टक्क्यांवरून ठरवायचं का?

थेंबभर_पाणी:
बीजी-११ हे गोड्या पाण्याचं मिडियम आहे आणि त्यात नायट्रेट भरपूर असतं, त्यामुळे जे भराभर वाढतं तेच सगळी जागा बळकावतं. तुमचे नारिंगी जीव ड्युनालिएला (खाऱ्या पाण्यातलं शैवाल) असण्याची बरीच शक्यता आहे, त्याला कडक पेशीभित्तिका नसते, खारटपणा अचानक उतरला तर पेशी पाणी शोषून फुटतात, म्हणून गायब. जिथून नमुना घेता तिथलाच खारटपणा, पीएच आणि तापमान मोजून घ्या आणि मिडियम त्याच्या जवळपासचं बनवा, एकच न ठेवता तीन-चार प्रकारचं ठेवा. हळू वाढणारे हवे असतील तर नमुना घातल्या घातल्या मायक्रोपिपेटने एकेक पेशी उचला आणि निर्जंतुक मिडियमच्या थेंबांतून धुवत न्या, सगळं हिरवं होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. अँटिबायोटिक देण्याआधी मिडियममधे बी-१२ घाला, बऱ्याच शैवालांना ते बॅक्टेरियाकडूनच मिळतं, नाहीतर बॅक्टेरिया मेले की शैवालही मागोमाग जातं.

उघडं_तळं:
टक्क्यांवर अजिबात जाऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. मिडियममधला नायट्रोजन तोडला की बऱ्याच शैवालांत तेल वाढतं पण त्याच वेळी वाढ मंदावते, मग टक्के छान दिसतात आणि हाती काहीच लागत नाही. एका लिटरमागे दिवसाला किती ग्रॅम तेल मिळालं ते बघा. अमेरिकेत १९७८ ते १९९६ सरकारी कार्यक्रम चालला, ३,००० च्या आसपास स्ट्रेन गोळा केले आणि चाळून सुमारे ३०० ठेवले, आणि अनुभव असा आला की लॅबमधे उत्तम ठरलेले स्ट्रेन उघड्या तळ्यात टिकत नाहीत, तिथलंच रानटी शैवाल घुसतं. स्पिरुलिना टिकते ती पीएच १० च्या आसपासही मजेत वाढते म्हणून, तिथे दुसरं फारसं कोणी येत नाही. शिवाय तिचे धागे साध्या जाळीवर गाळता येतात, पण क्लोरेला या हिरव्या शैवालाची पेशी काही मायक्रॉनची, तिला सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून वेगळं करणारं यंत्र) लागतो आणि खर्च तिथेच वाढतो. म्हणून काढणी सोपी आहे का हे पहिल्या चाळणीतच बघायला हवं असं माझं ठाम मत आहे. तुमचं खारट पाणी त्या दृष्टीने चांगलंच आहे, ड्युनालिएला त्याच कारणाने उघड्यावर वाढवतात.

साखर_अंधार:
ओमेगा-३ मधलं डीएचए हवं असेल तर हिरव्याच्या मागे लागू नका. शैवालाचं म्हणून विकलं जाणारं डीएचए मुख्यतः स्किझोकायट्रियमसारख्या जीवांपासून येतं, ते हिरवे नसतातच, फर्मेंटरमधे साखरेवर वाढतात, उजेडाची गरज नाही. त्यांना पकडायला नमुन्यात निर्जंतुक केलेले पाइनचे परागकण टाकतात, हे जीव त्या कणांना चिकटून वाढतात. ईपीए (दुसरं एक ओमेगा-३) हवं असेल तर नॅनोक्लोरोप्सिस हे शैवाल शोधा.

खाण्याचं म्हणाल तर ओळख पक्की हवी, १८एस आरआरएनए (ओळख पटवणारा जनुक) बघा, निळं-हिरवं शैवाल (खरंतर बॅक्टेरियाच) असेल तर १६एस, नुसत्या दिसण्यावर विश्वास नको. आणि निळ्या-हिरव्यात मायक्रोसिस्टिन या विषाची टेस्ट करायचीच, ते यकृताला घातक असतं. युरोपात १५ मे १९९७ आधी फारसं खाल्लं न गेलेलं काहीही नॉव्हेल फूड (नवं खाद्य) ठरतं आणि आधी मंजुरी लागते, तेव्हा तुमचा स्ट्रेन आधीच खाल्ल्या जाणाऱ्या प्रजातीतला निघाला तर वाट खूप सोपी होते.

हिरवी_पेशी:
खूप खूप आभार सगळ्यांचे! मिडियम खारट करून लगेच पेशी उचलायला बसते, आणि अर्धा नमुना परागकणांसाठी अंधारात वेगळा ठेवते.

थेंबभर_पाणी:
छान! आणि चांगला स्ट्रेन निघाला की लगेच त्याची एक प्रत द्रव नायट्रोजनमधे गोठवून ठेवा, पुन्हा पुन्हा नवीन मिडियममधे काढत गेलं की वर्षानुवर्षं स्ट्रेन बदलत जातो. सगळेच गोठवून जगत नाहीत, म्हणून थोडं कल्चर मंद उजेडातही चालू ठेवा.