गोल्फच्या बॅगेत पंधरावा क्लब (काठी) निघाला, दंड दोन फटके की चार?

वेजवाला_काका:
परवा आमच्या गोल्फ क्लबच्या महिन्याच्या स्ट्रोक प्लेत (सगळ्या फटक्यांची बेरीज मोजतात ती स्पर्धा) घोळ झाला. सहाव्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, पाच नंबर आयर्न (लोखंडी क्लब) काढायला गेलो तर हाताला मुलीची वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) लागली. आदल्या संध्याकाळी दोघं सरावाच्या रेंजवर होतो, तिने जाताना माझ्याच बॅगेत खुपसलेली. मोजले, पंधरा! मर्यादा चौदाची. वेजने एकही फटका मारला नव्हता. बॅग उचलणारा कॅडी हळूच म्हणाला, "साहेब, डिकीत टाकून येतो, कोणाला कळतंय?" मी माझे फटके लिहिणाऱ्या मार्करला सांगितलं, वेज बाद (आता वापरणार नाही असं) जाहीर केली, पहिल्या होलला दोन फटके वाढवले आणि शेवटी स्कोअरकार्ड सही करून देऊन टाकलं. एका फटक्याने तिसरा आलोय. आता एक जण म्हणतो दंड चार. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये वेल्सच्या गोल्फर इयन वूस्नमला दोनच बसले होते ना? बक्षीस समारंभ रविवारी आहे.

नियम_चार:
चारच. वूस्नमची गोष्ट तुम्हाला अर्धीच आठवतेय. ती ओपन झाली त्या रॉयल लिदम मैदानाचा पहिला होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करायचा. शेवटच्या दिवशी त्याने तिथे आयर्न मारली, बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) घेतली, आणि दुसऱ्या टीवर कॅडीने सांगितलं की बॅगेत जादा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) राहिलाय. एकच होल झाला होता, म्हणून दोन. नियम होलमागे दोन, जास्तीत जास्त चार असा आहे. तुमचे पाच होल झाले होते, तेव्हा पहिल्याला दोन, दुसऱ्याला दोन. क्लब वापरला नाही याला किंमत नाही, जवळ बाळगला हाच भंग. पहिल्या टीवर मोजून बाद जाहीर केली असतीत तर बॅगेत राहूनही दंड शून्य होता.

जुनी_लाकडं:
चौदाची मर्यादा अमेरिकेत १९३८ ला आली, ब्रिटनमधल्या आर अँड ए या नियम संस्थेने पुढच्या वर्षी घेतली. त्याआधी अमेरिकन गोल्फर लॉसन लिटल पंचवीसच्या वर क्लब घेऊन फिरायचा, कॅडीची दया येते! काका, न वापरलेल्या वेजसाठी एवढं कशाला? दोन फटके स्वतःहून घेतलेत, पुष्कळ झालं. गप्प बसा आणि कप घ्या.

नियम_चार:
गप्प कसे बसतील? दुसऱ्या होलचा आकडा खरा नाही. दंड माहीतच नसेल तर निकालाआधी कमिटी दोन फटके वाढवते, विषय संपला. पण शंका असूनही कमिटीला न विचारता कार्ड दिलं, तर ही सवलत नाही. थेट स्पर्धेतून बाद. काका, शंका होती का?

वेजवाला_काका:
सही करताना मार्करने विचारलं होतं, "दोन की चार?" मीच वूस्नमचं नाव घेऊन त्याला गप्प केलं. कमिटीचा तंबू वीस पावलांवर होता.

आत्ता सेक्रेटरींना फोन करून सगळं सांगितलं. बाद. मुलीला अजून कळवलेलं नाही, तिची वेज डिकीतच पडली आहे.