शेवटी कालालाऊ ट्रेलचं परमिट मिळालं! क्रॉलर्स लेजबद्दल सांगा ना कोणीतरी

भटकी_सॅक
चार वर्षं झाली हवाईतल्या कौआई बेटावरच्या ह्या ट्रेलची स्वप्नं बघतेय, दर वेळी परमिट उघडतात ९० दिवस आधी आणि मी लॉगिन करेपर्यंत सगळं गेलेलं असतं, ह्या वेळी मात्र मध्यरात्री जागून बसले आणि मिळालं! ऑगस्टमध्ये ३ रात्री, मी आणि नवरा. ११ मैल जायचं, तेवढंच परत यायचं, चालायची सवय आहे त्यामुळे अंतराचं टेन्शन नाही. भीती आहे ती ७ व्या मैलानंतरच्या त्या कड्याची, म्हणजे क्रॉलर्स लेजची. दरीची भीती मला लहानपणापासून आहे. कोणी गेलंय का? खरं खरं सांगा.

घसारा
अभिनंदन!! मी गेलोय. वाट तिथे अरुंद आहे, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली समुद्र, पण कोरडं असेल तर पाय नीट ठरतो. डावा हात... म्हणजे जाताना कातळ डाव्या बाजूला येतो, तो हात कातळावर ठेवायचा, नजर पुढच्या दोन पावलांवर, समुद्र बघायचा असेल तर आधी थांबायचं आणि मग बघायचं. सॅक अंगाला घट्ट बांधा, बाहेर मॅट लटकवू नका, ती कातळाला घासली की तोल जातो. ऊन चढायच्या आत तिथून पार व्हा, सावली नाहीये अजिबात. आणि खरं सांगू का, मला लेजपेक्षा शेवटच्या मैलाआधीचा तो लाल मातीचा उतार जास्त जड गेला, सगळा घसारा, पाय टेकला की माती सुटते. काठ्या न्याच.

ओढा_पार
लेजचं सगळे विचारतात, ओढ्यांचं कोणीच विचारत नाही!! हनाकापिआईचा ओढा २ मैलांवरच लागतो, आमच्या वेळी जाताना घोट्याएवढं पाणी होतं, परत येताना वर डोंगरात पाऊस झाला असणार, आमच्या डोक्यावर ऊन आणि समोर तपकिरी पाणी नुसतं धावतंय. पलीकडे पार्किंग इतकं जवळ की मोह होतोच. आम्ही दगडावर बसून राहिलो, एक दगड खूण म्हणून धरला होता, साडेतीन तासांनी तो पाण्याबाहेर आला तेव्हा उतरलो. तर एक जास्तीचा दिवस आणि एक जास्तीचं जेवण हाताशी ठेवा, परतीची फ्लाइट त्याच दिवशी नको. पाणी फिल्टर केल्याशिवाय पिऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका आहे. आणि हनाकापिआईच्या बीचवर पोहायला उतरू नका, कितीही शांत दिसला तरी, तिथे माणसं वाहून गेलेली आहेत.

भटकी_सॅक
बाप रे, फ्लाइट त्याच दिवशी संध्याकाळची होती, आत्ताच बदलली. @घसारा, लेजवर जाऊन पाय लटपटलेच तर मध्येच वळता येतं का?

घसारा
लेज सुरू व्हायच्या आधी वळा, मध्ये दोन सॅकवाले समोरासमोर आले की अडचण होते. हनाकोआला, ६ व्या मैलावर, कॅम्प करायला परवानगी आहे, परमिटमध्येच येतं ते. पहिली रात्र तिथे काढा, सकाळी ताज्या पायांनी लेजपर्यंत जा आणि तिथे उभं राहून ठरवा. माझी बायको तिथूनच परत फिरली होती, पुढच्या वर्षी आली आणि पार केली.