मदत हवी आहे: शोकात असलेल्या ताईंसमोर ‘सर्वदा आनंद करा’ कसं शिकवू?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमच्या गृहसभेत बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र चालू आहे आणि येत्या आठवड्यात 4:4 (‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’) शिकवायला माझ्याकडे आलंय. तीन महिन्यांपूर्वी पती वारलेल्या एक ताई समोर असतात. कुणीतरी त्यांना (चांगल्या हेतूनेच) ‘ते प्रभूजवळ आहेत, रडू नका’ म्हणालं. तेव्हापासून गीत सुरू झालं की त्या पुस्तक उघडतात, पण ओठ हलत नाहीत.

पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिलं, हे मी एकदा मांडून पाहिलं. ‘म्हणजे आपलाच विश्वास कमी’ असा उलटाच अर्थ निघाला. योहान 11:35 मध्ये येशू स्वतः रडतो, ते घेणारच आहे. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, म्हणून मला ते जास्त खरं वाटतं. पण तिथून 4:4 कडे वळायचं कसं?

वेळ अर्धा तास. वचन पुढे ढकलता येणार नाही आणि ताईंकडे बोट जाईल असं उदाहरण नको. त्यांना घरी भेटून आलोय, पाळकांनाही कल्पना आहे.

दुःख आणि आनंद एकाच वेळी असू शकतात हे दाखवायला 2 करिंथ 6:10 पासून सुरुवात करू, की आधी स्तोत्र वाचून नुसतं शांत बसू?