भाड्याचं वन बीएचके, खिळा ठोकायचा नाही. घर कसं लावावं?

सोनचाफा:

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही पुण्यात कर्वेनगरला भाड्याच्या घरात राहायला जातोय. जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी मालक काका-काकू चांगले वाटले, त्यामुळे दोन-तीन वर्षं तरी हलायचा विचार नाही. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्या साताऱ्याहून येऊन वर्षातला बराच काळ आमच्याकडे असतात, गुडघ्यांचा त्रास आहे. नवरा घरूनच काम करतो.

स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, खाली उघडे कप्पे आणि वर एक लांब माळा, एवढंच. ट्रॉल्या नाहीत. बेडरूमला भिंतीतलं एक फडताळ आहे, आणि पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचे डाग दिसले, खालच्या बाजूला रंगाचे पोपडे निघालेत. हॉल दहा बाय चौदाचा. मधोमध एक ट्यूब, तिच्या उजेडात खोली दवाखान्यासारखी दिसते. मालकांची अट स्पष्ट आहे: भिंतीला नवा खिळा नाही, ड्रिल तर नाहीच. सगळीकडे क्रीम डिस्टेंपर.

पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, सासूबाईंचा दिवाण आहे. पुस्तकांची बरीच खोकी आहेत आणि ती कमी होणार नाहीत. बाकी सगळ्याला मिळून पंचवीस हजार काढून ठेवलेत. घर भाड्याचं असलं तरी राहणारे आम्हीच आहोत, ते आपलं वाटावं अशी फार इच्छा आहे. आधी काय घ्यावं, काय टाळावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

नाक्यावरचा:

पुस्तकांसाठी लोखंडी स्लॉटेड अँगलचा रॅक करून घ्या. दुकानात ठेवतात ना, भोकं पाडलेल्या पट्ट्यांचा, तोच. उंची-रुंदी सांगाल तशी कापून मिळते, हवा तो रंग मारून देतात, आणि घर बदलताना नट-बोल्ट काढले की पट्ट्यांची मोळी बांधून टेम्पोत टाकायची. जिन्यातून वर न्यायलाही त्रास नाही. पार्टिकल बोर्डाचं तयार कपाट एकदा खोलून पुन्हा जोडलं की स्क्रू पकड धरत नाहीत, त्या वाटेला जाऊ नका.

घरोघरी:

सोनचाफा, तुमचं वाचून लगेच लिहायला बसले. यांच्या बँकेतल्या बदल्यांमुळे आमचा संसार भाड्याच्या घरांतच झाला. नांदेड, रत्नागिरी, नगर, पुणे. त्या अनुभवावर सांगते.

सामान लावायच्या आधी उजेड बदला. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो आणि भिंतीला हातही लावावा लागत नाही. पांढऱ्या ट्यूबवर बहुधा ६५०० केल्विन लिहिलेलं असतं. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी बल्ब घ्या. एक उभा दिवा कोपऱ्यात आणि एक टेबल लॅम्प पुस्तकांच्या रॅकवर, दोन्ही प्लगवर चालणारे. संध्याकाळी ट्यूब बंद ठेवून हे दोन लावा. ओट्यावर मात्र पांढराच प्रकाश राहू द्या, पिवळ्यात भाजी निवडताना कीड दिसत नाही.

दुसरं, कापड. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांत येतात. खिडकीला पाच फुटी लावायची पद्धत आहे, पण सात फुटी घेऊन जमिनीपर्यंत सोडलेत तर हॉल उंच दिसतो, आणि पुढच्या घरात तेच दाराला चालतात. त्याहून छान म्हणजे जुन्या सुती साड्या. साडेपाच मीटरच्या एका साडीत वर-खाली दुमड धरून सात फुटी दोन पडदे आरामात निघतात, पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. चार फुटी खिडकीला एका साडीच्या दोन पडद्यांत भरपूर चुण्या पडतात. काठ पडद्याच्या कडेला उभे येतात, ते फार सुरेख दिसतात. सासूबाईंच्या ट्रंकेत एखादी नारायणपेठ असेल तर त्यांना विचारून बघा. त्यांच्या साडीचा पडदा म्हणजे त्यांचंही घर झालं. दिवाणावर सोलापुरी चादर टाका, धुवायला सोपी आणि वर्षानुवर्षं टिकते.

आता भिंती. चिकटणाऱ्या हुकांची खूप जाहिरात असते, पण आधी तळहात भिंतीवरून फिरवून पाहा. हाताला पांढरी पूड लागली तर साध्या डिस्टेंपरवर हुक टिकणार नाहीत, पडताना रंगाचा पापुद्रा घेऊनच पडतील, आणि तो खर्च डिपॉझिटमधून जाईल. टाइल, काच, लाकडी दार, ऑइलपेंट यांवर ते छान बसतात. म्हणजे हुक स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये, हॉलमध्ये नाहीत.

हॉलसाठी जुन्या भाडेकरूंची भोकं शोधा. ती प्रत्येक घरात असतात! पुट्टीने बुजवलेली असली तरी तिरक्या उजेडात बॅटरी मारली की गोल खूण दिसते, आत बऱ्याचदा गिट्टीही (स्क्रू धरणारा प्लग) शाबूत असते. मालकांना सोबत घेऊन दाखवा आणि 'एवढीच वापरतो' म्हणा. आमच्या अनुभवात याला कोणी नाही म्हटलं नाही. घड्याळ, आरसा, एखादं वारलीचं चित्र, एवढं त्यावर होतं. बाकीच्या तसबिरी रॅकवर भिंतीला टेकवून उभ्या करा.

वॉलपेपर, चिकटणाऱ्या विटांचे शीट, फोमचे पॅनेल यांवर एक रुपया घालवू नका. बेडरूमच्या त्या भिंतीवर तर मुळीच नको.

ओळंबा:

त्या भिंतीबद्दल लिहितो, बांधकामातला माणूस आहे. पुण्यात पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत झोडपली जाते. पण डाग खालच्या बाजूला आहेत म्हणता. भिंतीच्या पलीकडे बाथरूम किंवा ड्राय बाल्कनी आहे का ते आधी बघा. पोपड्यांच्या खाली पांढरे, मिठासारखे कण असतील तर तो लोणा, म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतंय.

साधी तपासणी घरीच होते. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोनी तुकडा भिंतीवर चारही कडांना टेप लावून घट्ट बंद करा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीत हवा कोंडतेय, खिडकी उघडी ठेवून आणि पंखा चालवून फरक पडेल.

ओल भिंतीतली असेल तर आतून वॉटरप्रूफ रंग मारून काही होत नाही. तो वर्ष-दीड वर्षात फुगून येतो. काम बाहेरून किंवा पाण्याच्या मुळाशी व्हायला हवं. ते मालकांनी आणि सोसायटीने करायचं आहे. राहायला जायच्या आधी बोला आणि पावसाच्या आधी करून घ्या, कारण ओल्या प्लास्टरवर दुरुस्ती धरत नाही.

तोवर त्या भिंतीला काही टेकवू नका. कपाट, पलंग सगळं तीन-चार इंच सुटं. मागून हवा खेळली पाहिजे. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड त्या खोलीत नकोच, लोखंडी कपाट पायाखाली ठोकळे देऊन ठेवा. पुस्तकं तर अजिबात नाही, ती हॉलच्या आतल्या भिंतीला.

पुस्तकांच्या रॅकबद्दल नाक्यावरचा यांना अनुमोदन, पण उंची चार फुटांवर नेऊ नका. फूटभर रुंदीच्या ओळीत आठ-दहा किलो वजन होतं. उंच रॅक भिंतीला जखडावा लागतो आणि तुम्हाला ड्रिलची परवानगी नाही. कोणी आधाराला धरला तर अंगावर येईल. रॅकची खोली दहा इंच पुरते.

पारिजातक:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे सगळं सुंदर सुचवलंय, पण माझ्या मते तुमच्या घरातली पहिली खरेदी पडदेही नाहीत आणि दिवेही नाहीत. बाथरूममधला आधाराचा दांडा ही पहिली खरेदी.

गुडघे दुखणारी बाई कमोडवरून उठताना जे हाताला लागेल ते धरते. नळ, टॉवेलचा रॉड, फ्लशची टाकी. यातलं काहीही शरीराचं वजन पेलत नाही. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे मिळतात, ते घेऊ नका, कधी सुटतील सांगता येत नाही. स्क्रूने बसवलेलाच हवा, आणि त्यासाठी ड्रिल लागतं. म्हणून मालकांशी बोलताना घड्याळासाठी, फ्रेमसाठी परवानगी मागत बसू नका. सगळा शब्द या दोन दांड्यांसाठी खर्च करा. 'आई असतात, त्यांच्यासाठी हवाय, जाताना तसाच ठेवून जाऊ' असं सांगा. काका-काकूंचंही वय होतंच आहे, ते समजून घेतील.

दिवाणाची उंची मोजा. गादीसकट अठरा ते वीस इंच असेल तर उठणं सोपं जातं. कमी असेल तर पायांखाली ठोकळे द्या. सतरंजी किंवा गालिचा टाकायचा असेल तर खाली रबराची जाळी हवीच, आणि दिवाणापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर काहीही अंथरू नका. त्या वाटेवर सॉकेट असेल तिथे आपोआप लागणारा छोटा रात्रीचा दिवा लावा.

स्वयंपाकघरात रोज लागणारं सगळं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत. चहा-साखर, तेल, मिसळणाचा डबा, पोळीचा डबा. ओट्याखालच्या कप्प्यांत डबे सुटे ठेवू नका, प्लास्टिकच्या खोलगट ट्रेमध्ये ठेवा. ट्रे ओढला की मागचा डबा पुढे येतो, वाकून आत हात घालायला नको.

घरोघरी:

पारिजातक, अगदी पटलं. माझ्या यादीच्या वर हे ठेवा, सोनचाफा.

ओट्याखाली कप्पे झाकायला सुती कापडाचा पडदा लावा. कडाप्प्याच्या दोन उभ्या फरश्यांमध्ये स्प्रिंगचा रॉड बसतो, खिळा लागत नाही. फक्त सिलिंडरचा कप्पा उघडा ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खालीच साचतो, तिथे वारं फिरायला हवं.

भांड्यांसाठी पायांवर उभी राहणारी स्टीलची मांडणी मिळते, भिंतीवर टांगायची नव्हे. ताटं, वाट्या, कप सगळं एकात बसतं. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास प्लास्टिकचे ट्रे, जाळ्या, हुक, दोऱ्या असं सगळं मिळतं. शनिवार-रविवारी जाऊ नका, गर्दीत भाव करायला सुचत नाही. आणि मापं कागदावर लिहून न्या.

माळ्यावर वर्षातून एकदा लागणारं तेवढंच. मखर, आकाशकंदील, फराळाची मोठी भांडी, जादा गाद्या. प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात यादी चिकटवा, म्हणजे सासूबाई खालूनच सांगू शकतील कुठलं काढायचं.

दस्तऐवज:

सजावटीचं मला फार कळत नाही, कागदपत्रांचं थोडं लिहितो.

किल्ली घ्याल त्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, सगळ्या भिंतींचे, नळांचे, दारांच्या कड्यांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सअॅप करा. ओलीचे डाग आणि जुनी भोकं जवळून घ्या. जाताना डिपॉझिटवरून वाद होतो तो याच गोष्टींवरून. करारात 'रंगाचा खर्च भाडेकरूकडून' असं कलम असतं. तुमच्यात असेल तर ओलीची भिंत त्यातून वगळून घ्या. दांड्यांची परवानगी तोंडी मिळाली तरी मेसेजवर 'हो' घ्या.

करार नोंदणीकृत आहे ना? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. हे काम आता ऑनलाइन होतं.

सोनचाफा:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! खूप आभार.

आज काकांना फोन केला. आधी दांड्यांचं बोलले. ते म्हणाले, 'दोन काय, तीन लावा.' मग जुन्या भोकांचं विचारलं, तर हॉलमध्ये चार जागा आहेत म्हणाले, त्या वापरायला हरकत नाही. ओलीचं त्यांना माहीत होतं. पलीकडे ड्राय बाल्कनी आहे आणि तिथल्या नळाचं पाणी मुरत असावं असा त्यांचा अंदाज. प्लंबर बोलावतो म्हणालेत. फोटोंना आणि मेसेजलाही तयार आहेत. करार नोंदवलेलाच आहे.

सासूबाईंनी साडी काढून ठेवली आहे, नारायणपेठ नाही, इरकली. मला फार आनंद झाला.

ओळंबा, दांडा कुठल्या मापाचा आणि किती उंचीवर? टाइल फुटेल का ड्रिल करताना?

ओळंबा:

स्टेनलेस स्टीलचा, साधारण ३२ मिलिमीटर जाडीचा, मुठीत पूर्ण मावेल असा. जमिनीपासून तेहेतीस ते छत्तीस इंचांच्या दरम्यान, पण नेमकी उंची सासूबाईंना तिथे बसवून, त्यांचा हात सहज जातो तिथे पेन्सिलने खूण करून ठरवा.

आधी टाइल बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा, मागे सिमेंट भरलेलं नसतं, टाइल तडकते आणि स्क्रूला पकडही मिळत नाही. खुणेवर कागदी टेप चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड बंद, टाइलचाच बिट, हळू वेग. भिंतीत गेल्यावर हॅमर लावायचा. आतून पाण्याची पाइप कुठून गेलीय ते प्लंबरला विचारूनच जागा पक्की करा, तो नळासाठी येणारच आहे. बसवून झाल्यावर नवऱ्याला पूर्ण वजन टाकून ओढून बघायला सांगा, आणि स्क्रूभोवती सिलिकॉन भरा, नाहीतर तिथूनच पाणी मुरायला लागेल.