शुगी ओटिस: अल्बम मोठा की त्याची कहाणी?

उलटी_तबकडी (मूळ धागा)

दोन महिने झाले, घरात एकच अल्बम वाजतोय. कांदा चिरताना तोच, इस्त्री करताना तोच. मुलगी वैतागून म्हणाली, "आई, तो टिकटिक करणारा काका बंद कर."

तो टिकटिक करणारा काका म्हणजे शुगी ओटिस. अल्बम 'इन्स्पिरेशन इन्फर्मेशन', साल १९७४. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लॉस एंजेलिसचा हा मुलगा, १९५३चा जन्म. वडील जॉनी ओटिस म्हणजे रिदम अँड ब्लूजमधलं बडं प्रस्थ. वडिलांच्या बँडबरोबर क्लबात वाजवायला वय आड यायचं, म्हणून काळा चष्मा लावून, खोटी मिशी रंगवून हे पोरगं स्टेजवर उभं राहायचं. पंधराव्या वर्षी रॉक संगीतकार अल कूपरबरोबर अख्खा अल्बम, त्याच सुमारास फ्रँक झॅपाच्या 'हॉट रॅट्स' या अल्बममध्ये एका गाण्यात बेस गिटार. मग स्वतःचे दोन अल्बम, आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं खपून हा तिसरा. गिटार, बेस, ड्रम, ऑर्गन, गाणं सगळं स्वतःचं. व्हायोलिन आणि ब्रासची माणसं तेवढी बाहेरची, पण त्यांचं संयोजनही यानंच लिहिलेलं.

अल्बम आपटला. कंपनीनं करार संपवला. पोरगा तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. पुढे २००१ साली गायक डेव्हिड बर्नच्या 'लुआका बॉप' या रेकॉर्ड कंपनीनं तो पुन्हा काढला, तेव्हा लोकांना जाग आली. सत्तावीस वर्षं!

माझं म्हणणं सरळ आहे: सत्तरच्या दशकातल्या पहिल्या दहा अल्बममध्ये हा बसतो, आणि तो विसरला गेला यात दोष कंपनीचा आणि रेडिओवाल्यांचा. काळ्या मुलानं रॉक गिटार वाजवली, तर त्याला कुठल्या कप्प्यात टाकायचं हेच त्यांना कळेना. तुम्हाला काय वाटतं?

---

कडू_कारले

आलं! आणखी एक 'उपेक्षित प्रतिभावंत'. ताई, राग मानू नका, पण 'बिचारा कलाकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांत लगेच पाणी येतं. जरा कोरड्या डोळ्यांनी बघू.

कंपनीनं काय छळ केला म्हणे? विशीच्या आतल्या पोराला तीन वर्षं दिली! एक अल्बम, नऊ ट्रॅक, अर्ध्या तासाचं काम. आज कुठली कंपनी इतकी वाट बघेल? आणि तो आला तो अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या यादीत १८१व्या नंबरावर. त्यांनी दुकान बंद करायचं का?

दुसरी गोष्ट. गिटारवाला मिक टेलर बँड सोडून गेल्यावर रोलिंग स्टोन्सबरोबर वाजवायचा निरोप कीबोर्डवाल्या बिली प्रेस्टननं याच्याकडे आणला. हा नाही म्हणाला. बडा संगीत निर्माता क्विन्सी जोन्सनं अल्बम करू या म्हणून विचारलं. तिथेही नाही. दार वाजलं तेव्हा कडी लावून बसलेल्या माणसाला 'दाराबाहेर ठेवलं' कसं म्हणायचं?

---

उलटी_तबकडी

@कडू_कारले, नकार दिला म्हणून विस्मरणात जायला पात्र ठरतो का माणूस? स्टोन्समध्ये जाऊन काय केलं असतं त्यानं, कीथ रिचर्ड्सच्या शेजारी उभा राहून दुसऱ्याची गाणी वाजवली असती. स्वतःचं काहीतरी करायचं होतं त्याला.

---

कडू_कारले

स्वतःचं करायचं असेल तर मग करा ना. चौथा अल्बम कुठाय?

---

ठेकेदार

कहाणीत मला रस नाही, ठेक्यात आहे. मी तबला वाजवतो, पोटासाठी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडही बडवतो. 'आट अ मी हेड' लावा (नाव घाईघाईत बोलून बघा, 'आउट ऑफ माय हेड' ऐकू येईल). सुरुवातीला रिदम मशीन टिकटिकतं. हे मेस्ट्रोचं रिदम किंग. फंकवाल्या स्लाय स्टोननं १९७१ सालीच ते वापरलं होतं, म्हणजे शुगीनं शोध लावला असं नाही. त्या यंत्रात ठरलेले ठेके असायचे, बटण दाबा, चालू. घरगुती ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या सोयीची चीज.

रियाजाला तालमाला (ठेका देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावणाऱ्यांना हे पटकन कळेल. यंत्र कधी थकत नाही, कधी खूशही होत नाही. नवखा माणूस त्याच्या मागे धावतो. मुरलेला त्याला भिंतीसारखं वापरतो, कधी टेकायचं, कधी सुटून उभं राहायचं. या गाण्यात बेस नेमकं तेच करतो. यंत्राची टिक पडते आणि बेस किंचित मागून येतो, आळस दिल्यासारखा. वर व्हायोलिन्स लांब श्वास घेतात. यंत्र ताठ आहे म्हणून बाकीचं मऊ वाटतं. खरा ड्रमर बसवला असता तर त्यानंही बेसबरोबर डुलायला सुरुवात केली असती आणि गंमत गेली असती.

१९७४ साली वीस वर्षांच्या मुलाला हे कळत होतं. यादीत कितवा आला ते तुम्ही बघत बसा.

---

कडू_कारले

@ठेकेदार, पहिल्या बाजूबद्दल मी भांडतच नाहीये. पहिली चारही गाणी झकास. उलटी बाजू लावा आणि मग बोला. 'हॅपी हाउस' सव्वा मिनिटात आटोपतं. त्यानंतर चार ट्रॅक, एकातही शब्द नाही. 'एक्सएल-३०' तर यंत्र दुकानातून आणल्या दिवशी बटणं दाबून बघितल्यासारखं. याला अल्बम म्हणायचं की वही? गाणी संपली, कंपनी मागे लागली, वहीतली उरलेली पानं छापली. आणि आता त्या अर्धवटपणाला आपण 'काळाच्या पुढे' म्हणतो.

ताई, तुम्हाला एक विचारतो, खरं सांगा. तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं?

---

उलटी_तबकडी

'स्ट्रॉबेरी लेटर २३'. का?

---

कडू_कारले

ते या अल्बमवर नाही. ते 'फ्रीडम फ्लाइट'मधलं, १९७१चं. २००१ साली पुन्हा काढताना त्या जुन्या अल्बममधली चार गाणी मागे जोडली. म्हणजे तुम्ही ज्याच्या प्रेमात पडलात तो १९७४चा अल्बम नाही, दुकानदारानं काजू वर लावून विकलेला चिवडा आहे.

---

सातवा_सूर

😂 चिवडा! (जोशीकाका, या आता.)

---

जर्सीचा_जोशी

आलो. झोप येत नाहीच या वयात.

'स्ट्रॉबेरी लेटर'बद्दल मी बोलू शकतो, कारण मी ते १९७७ साली ऐकलं. अमेरिकेत येऊन वर्ष झालं होतं, एका मित्राच्या खटारा गाडीत रेडिओवर लागायचं. पण ते शुगीचं नव्हतं, ब्रदर्स जॉन्सनचं. क्विन्सी जोन्सनं केलेलं. पॉप यादीत पाचवं, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिलं गेलं. ल्युइस जॉन्सनचा बेस असा की गाडीचं दार थरथरायचं. पुढे टॅरंटिनोच्या 'जॅकी ब्राउन' सिनेमातही तेच आहे. मी इतकी वर्षं ते त्या दोन भावांचंच समजत होतो. गीतकार म्हणून कंसात बारीक अक्षरात कोण आहे, ते कोण बघतो?

नंतर मूळ ऐकलं. तेच गाणं, पण तिथे सगळं नाजूक घंटांवर उभं आहे, आवाज कानाशी कुजबुजतो. गाणं आहे प्रेमपत्रांचं. तिच्याकडून बावीस नंबरचं पत्र आलं आणि हा त्याला उत्तर लिहितोय, म्हणून शीर्षकात तेवीस. गाण्यात तेवीस हा आकडा येतच नाही. ब्रदर्स जॉन्सनच्या रेकॉर्डवर कितीही नाचलो, पण हे पत्र आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मूळ ऐकताना शिरलं.

तेव्हा कारलेसाहेब, क्विन्सीला 'नाही' म्हटलं तरी गाणं शेवटी क्विन्सीकडूनच गाजलं. लेखक म्हणून नाव शुगीचंच राहिलं. त्यामुळे 'कुणी ऐकलंच नाही' हेही खरं नाही आणि 'त्याला संधी मिळाली' हेही पुरतं खरं नाही. गाणं लाखोंनी ऐकलं, माणूस कुणाला दिसला नाही.

---

कडू_कारले

काका, हे मान्य. पण मग ताईंचा 'कप्प्यात बसला नाही' हा मुद्दा गेला. तेच गाणं नीट चौकटीत बसवल्यावर पहिल्या नंबरावर गेलं. खोट गाण्यात नव्हती, रेडिओत नव्हती. खोट ही की याला चौकट घालणारा माणूस जवळ नको होता. सगळं मीच वाजवणार, मीच लिहिणार. एकट्यानं केलेल्या कामात तुला थांबवणारा कुणी नसतो, आणि तुला पुढे ढकलणाराही नसतो.

---

ठेकेदार

हा पहिला मुद्दा मला पटला तुमचा. पण 'चौथा अल्बम कुठाय' विचारलंत, त्याचं उत्तर बाकी आहे. २०१३ साली हा अल्बम पुन्हा निघाला तेव्हा बरोबर 'विंग्ज ऑफ लव्ह' नावाची दुसरी तबकडी होती. १९७४ नंतर तो करत राहिलेली गाणी. म्हणजे कडी लावून झोपला नव्हता, आत काम चालू होतं. घ्यायला कुणी आलं नाही, एवढंच. त्याच वर्षी पुन्हा दौऱ्यावरही निघाला, साठीला टेकलेला.

---

कडू_कारले

ऐकलंय. त्यात ऐंशीच्या दशकाचा चकचकाट आहे, गुळगुळीत फरशीसारखा. काढलं असतं तरी कोणी धागा काढला नसता.

---

उलटी_तबकडी

काल रात्री एक प्रयोग केला. कारलेसाहेबांचा चिवडा मनाला लागला होता, खोटं कशाला बोलू. जोडलेली चारही गाणी यादीतून काढली. फक्त मूळ नऊ, मूळ क्रमानं, हेडफोन लावून, दिवा मालवून.

आधी हार मान्य करते. 'पहिल्या दहात' हे वाक्य मागे घेते. 'एक्सएल-३०' खरंच बटणं दाबल्यासारखं आहे. आणि कंपनीला मी जरा जास्तच शिव्या घातल्या.

पण उलटी बाजू वहीतली उरलेली पानं आहेत, हे नाही पटलं. 'रेनी डे'मध्ये गिटार गाते, म्हणून शब्द नाहीत. आणि 'प्लिंग!' इतके दिवस मी पुढे ढकलत होते. संथ, पाण्याखाली वाजल्यासारखं. एका जागी असं वाटतं की आता गाणं सुरू होणार, गायक श्वास घेणार. तो घेत नाही. पहिल्या बाजूला ज्याचा आवाज इतका जवळ होता तो खोलीतून उठून गेलाय आणि वाद्यं तशीच चालू आहेत. काका म्हणाले ना, माणूस दिसला नाही. इथे तर ऐकूही येत नाही.

हे त्यानं ठरवून केलं की गाणं लिहायचं राहिलं, ते मी नाही सांगू शकत. कारलेसाहेब, तुम्ही 'प्लिंग!' शेवटचं पूर्ण कधी ऐकलंत?

---

कडू_कारले

पूर्ण? बहुतेक कधीच नाही.

आज ऐकतो. पण दिवा मालवणार नाही.

---

जर्सीचा_जोशी

मालवा हो. वीज वाचेल.