तोंडाला रंग, मागे ट्रॅक: मग बँड खरा कसा?

खानापूर_गिटार: कॉलेज गॅदरिंगला चौघांचा रॉक बँड. 'किस' या अमेरिकी रॉक बँडसारखे काळेपांढरे चेहरे, कीबोर्ड ट्रॅकवर (म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला), शेवटी तोंडातून आग. निम्मे म्हणालेत, हे सोंग झालं, रॉक नव्हे. खोटं आहे का? आणि करायचं तर कसं?

टिळकवाडी_बास: रंगाचं म्हणाल तर अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच भागातल्या गुर्लहोसूरचे. १८८०च्या 'शाकुंतल'पासून नट रंग फासूनच गायले, गळा मात्र तिथल्या तिथे लागायचा. बँड जमवला कुणी, हाही मुद्दा नाही. मंकीज बँडचे चौघे टीव्ही मालिकेसाठी निवडलेले. पहिल्या दोन अल्बमवर वाद्यं बहुतेक भाडोत्री वादकांची. भांडून १९६७च्या 'हेडक्वार्टर्स'वर स्वतः वाजवलं. उलट 'अस्सल' बर्ड्स बँडच्या १९६५च्या पहिल्या हिटवर बँडपैकी वाद्य एकट्या गिटारवाल्या मॅग्विनचं! मिली व्हॅनिली या पॉप जोडीचं ग्रॅमी १९९०मध्ये काढून घेतलं, ते रेकॉर्डवरचा आवाज दुसऱ्यांचा म्हणून. तेव्हा कीबोर्ड ट्रॅकवर चालेल, गाणं नको.

वडगाव_ड्रम: ट्रॅकची फाइल स्टिरिओ करा: डावीकडे क्लिक (ताल धरायची टिकटिक), उजवीकडे कीबोर्ड. फोनला वाय-केबल (एकाच्या दोन वायरी करणारी), उजवी वायर डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) मिक्सरला, डावी हेडफोन अँपमधून फक्त ड्रमरच्या कानात. साउंडवाल्याने मोनो केबल लावली की क्लिक सगळ्या पब्लिकला ऐकू येतं, म्हणून केबल घरची न्या. गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण (अर्थिंगची जोडणी तोडणारं) दाबा. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर मध्येच कुणाच्या तरी मावशीचा फोन. ड्रमर क्लिकवरून सुटला तर ट्रॅक थांबणार नाही. कुठल्या खुणेवर ट्रॅक बंद करायचा ते आधीच ठरवा.

शहापूर_रंगपट: आधी पांढरा ग्रीसपेंट, पातळ, स्पंजने थापून. वर पावडर दाबून जादा झटका, मगच काळा. पावडर लावायची राहिली की घामात काळा पसरून चेहरा राखाडी होतो. भिंतीचा ऑइलपेंट अजिबात नको. उतरवायला खोबरेल, मग साबण.

आग सोडा. रॉकेल श्वासात गेलं तर फुफ्फुसांना सूज येते, वर मंडपाचं कापड. खुद्द 'किस'च्या जीन सिमन्सचे केस ३१ डिसेंबर १९७३ला स्टेजवर पेटले होते. त्याऐवजी खाली टेबलफॅन, त्यावर नारिंगी रेशमी पट्ट्या, खालून लाल पार लाइट (स्टेजचा डबा दिवा). लांबून ज्वाळाच दिसतात. फॅनचा वारा माइकवर येऊ देऊ नका, घरघर येते.

खानापूर_गिटार: कीबोर्ड ट्रॅकवर आहे, हे स्टेजवरून सांगायचं का?

टिळकवाडी_बास: पहिल्या गाण्याआधीच. आणि बंद कीबोर्डमागे कुणाला बोटं नाचवायला उभा करू नका.