पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी जनरल थोरात

ए-४०३ (ग्रंथालय समिती): सर्व सभासदांना नमस्कार. ध्वजवंदनानंतर दरवर्षी आपण जे अर्ध्या तासाचे भाषण ठेवतो, त्यासाठी यंदा लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचा विषय घ्यावा, असे मी सुचवतो. १९०६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावात जन्मलेला, इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकून सैन्याधिकारी झालेला हा माणूस आपल्या मुलांना नावानेही माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

सी-१०२: काका, विषय चांगला आहे. मात्र जानेवारी १९४५ मधील ब्रह्मदेशातील कांगॉची लढाई, तिथे एकाच ब्रिगेडमध्ये थिमय्या, सेन आणि थोरात या तीन भारतीय अधिकाऱ्यांनी आपापल्या पलटणींचे केलेले नेतृत्व आणि तिघांनाही मिळालेले डी. एस. ओ. हे ब्रिटिश लष्करी सन्मानाचे पदक, एवढ्यावरच भाषण संपू नये असे वाटते. लढाया मुलांना अन्यत्रही ऐकायला मिळतात.

ए-४०३: ताई, आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच माझ्या मते भाषणाचा मुख्य भाग कोरियाचा असावा. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई युद्धकैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात देण्यात आले, आणि त्या सैन्याचे प्रमुख थोरात होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना हेलिकॉप्टरनेच निर्लष्करी पट्ट्यात पोहोचवावे लागले. म्हणजे ज्यांच्यासाठी हे काम करायचे, त्यांच्यापैकीच अनेकांचा रोष सुरुवातीपासून होता. अशातच कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओलीस धरले. बळाचा वापर केला असता तर त्या मेजरचा जीव गेला असता आणि किती कैदी मारले गेले असते, कोण जाणे. थोरात स्वतः मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र आत गेले, संतापलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि आपल्या अधिकाऱ्याला सुखरूप बाहेर घेऊन आले. या कामगिरीसाठी मिळालेले अशोक चक्र, वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्ती चक्र, मला कांगॉच्या पदकापेक्षा मोठे वाटते; हे माझे वैयक्तिक मत आहे.

त्यांचे दुसरे धैर्य कागदावरचे होते. पूर्व विभागाचे प्रमुख असताना, ऑक्टोबर १९५९ मध्ये, त्यांनी चीनच्या संभाव्य आक्रमणाविषयी सविस्तर अहवाल पाठवला आणि १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा मांडले. अगदी सीमेवरच्या चौक्या टिकणार नाहीत, भक्कम फळी मागे उभारावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठांना नको असलेले मत लेखी देणे किती अवघड असते, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटले नाही. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी युद्ध झाले.

डी-६०१: निवृत्तीनंतर त्यांनी काय केले, हेही सांगावे. आपल्या इमारतीत निवृत्त मंडळी बरीच आहेत.

ए-४०३: ते कोल्हापूरला येऊन राहिले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. सेनाधिकाऱ्याने राज्यकारभारात येणाऱ्या तरुणांच्या निवडीची जबाबदारी सांभाळणे, ही मला लष्करातील सेवेइतकीच मोलाची गोष्ट वाटते. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

डी-६०१: माझी मुलगी सध्या याच आयोगाच्या परीक्षेची तयारी करत आहे. भाषणातील हा भाग तिनेच सादर करावा का? तिला विचारून रात्रीपर्यंत कळवते.